सॅलडच्या नावानं चांगभलं!

अमेरिकेत ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या ‘पॉटलक’ पंगतीत ‘घरी केलेलं’ रँच ड्रेसिंग आणणाऱ्याची मान जरा जास्तच ताठ असते. घरी केलेलं म्हणजे काय, तर बरणीतलं मेयोनीज, डब्यातलं सावर क्रीम आणि बाटलीतलं ताक फेटून त्यात सुका शेपू, लसणाची नि कांद्याची पूड भुरभुरवायची. घरचा असतो तो फक्त चमचा! ही परंपरा जुनी आहे. स्टीव्ह हेन्सन यांनी १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ ‘हिडन व्हॅली रँच’ सुरू केलं आणि पाहुण्यांना आवडलेल्या ड्रेसिंगच्या मसाल्याची पाकिटं पुढे टपालानं विकली. मेयोनीज आणि ताक गिऱ्हाइकाचं. १९७२ मध्ये हा घरगुती धंदा ८० लाख डॉलरना विकत घेतला तो क्लोरॉक्सनं, म्हणजे ब्लीचसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीनं.

आणि हे वाडगाभर ड्रेसिंग आणायचं ते सॅलडच्या नावानं. एवढं कशाला, असं विचारलं तर आहारशास्त्राचा दाखला येतो: गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्धांश हवाच. मान्य, पण त्याला चमचाभर पुरतो, वाडगाभर नाही. लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणीच असतं. कॅलरींचा सगळा कारभार ड्रेसिंगच पाहतं. दुसरा बचाव असा, की ड्रेसिंग नसेल तर हिरवा पाला खाणार कोण? मग पंगत उठल्यावर भांडी बघावीत. रँचचा वाडगा चाटूनपुसून लख्ख, आणि पाला जिथल्या तिथे. कारण रँच गेलेलं असतं पिझ्झाच्या कडांबरोबर. तेव्हा आणणाऱ्यानं सरळ ‘रँच आणलंय’ म्हणावं. निदान लेट्यूसचा तरी जीव वाचेल.