तापट सापांची मर्जी

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साप पाळणे हा चांगला रुळलेला छंद असून, छांदिष्टांच्या बैठकीत सापांच्या स्वभावाची चर्चा लग्नाच्या बोलणीत मुलाच्या स्वभावाची व्हावी तितक्या गांभीर्याने आणि बहुधा तितक्याच अपुऱ्या माहितीवर होत असते. आफ्रिकेतील बॉल पायथन, म्हणजे घाबरला की डोके आत लपवून अंगाचा गोळा करणारा बुटका अजगर, हा या मंडळींच्या मते गरीब स्वभावाचा. तर आग्नेय आशियातील जाळीदार अजगर, जो जगातील सर्वांत लांब साप असून सहा मीटरांच्याही पुढे जाऊ शकतो, तो तापट. लांबी सहा मीटर असताना स्वभावाची चौकशी कशासाठी करावी, हा प्रश्न बाहेरच्या माणसालाच पडतो.

वास्तविक ज्याला मालक तापटपणा म्हणतात, तो बहुतेक वेळा भीतीचा तरी असतो किंवा भुकेचा तरी. भ्यालेला साप मानेची नागमोडी घडी घालतो, फुत्कारतो आणि एवढ्यावर समोरचा हटला नाही तर चावून तत्काळ सोडून देतो. भुकेला अजगर मात्र चावतो, धरून ठेवतो आणि वर वेटोळेही घालतो. अजगराचे दात मागे वळलेले असल्यामुळे अशा वेळी हात हिसकला तर जखम अधिक फाटते, म्हणून जाणकार स्वस्थ राहण्याचा सल्ला देतात. तो सल्ला देताना अर्थात हात दुसऱ्याचा असतो.

भुकेच्या चाव्याचे मूळ पुष्कळदा मालकाच्याच दिनक्रमात सापडते. पेटीचे दार केवळ खाणे देण्यापुरते उघडत गेले, की दार उघडले म्हणजे उंदीर आला असा साधा हिशेब साप मनाशी बसवतो. त्यात गोठवून ठेवलेला मेलेला उंदीर गरम पाण्यात कोमट करून त्याच हाताने, न धुता, सापाला उचलायला गेले, तर उंदराचा वास आणि हाताची ऊब दोन्ही जुळून येतात, आणि अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असल्याने त्याची खात्रीच पटते. यावर तोडगा म्हणून ‘हुक ट्रेनिंग’ रूढ आहे: टोकाला वळण असलेल्या काठीने, म्हणजे हुकने, सापाच्या अंगाला आधी हलकेच स्पर्श करायचा, जेणेकरून ‘आज जेवण नाही, नुसती भेट आहे’ हे त्याला कळावे. हळूहळू साप हा संकेत शिकतो. जेवल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नये, नाहीतर गिळलेले बाहेर येऊ शकते. आणि कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवरचा पारदर्शक खवला दुधाळ होऊन नीट दिसेनासे होते, तेव्हाही त्याच्या वाटेस जाऊ नये, हे नियम पुस्तकात असतात आणि पाहुणे आले की मोडले जातात.

भीतीला तापटपणा समजण्याचा सर्वांत बोलका नमुना उत्तर अमेरिकेतील हॉगनोज सापाचा, ज्याचे नाक वर वळलेले असते. हा साप मान चपटी करून नागाचा आव आणतो, मोठ्याने फुसफुसतो आणि झेप घेतो ती बहुधा तोंड मिटून. एवढे करूनही समोरचा घाबरला नाही, तर तो तडफडतो, जीभ बाहेर टाकतो आणि पोट वर करून मरून पडतो. कोणी दया येऊन त्याला सरळ केले, की मेलेला साप पुन्हा उताणा होतो, कारण मृत्यू उताणाच असला पाहिजे असे त्याचे ठाम मत असावे. अशा प्राण्याला आक्रमक म्हणणे म्हणजे रंगभूमीचा अवमान होय.

साप डूख धरतो, ही मराठी मुलखातील जुनी समजूत प्राणिशास्त्राला मान्य नाही, मात्र चावा बसल्यावर मालक डूख धरतो, हे उघड आहे: तो महिनाभर पेटीकडे फिरकत नाही, हाताळणी सुटल्याने साप पुन्हा बुजतो, पुन्हा चावतो आणि स्वभावाविषयीचे मालकाचे मत अधिकच पक्के होते.

भारतात नाग, घोणस, धामण, अजगर असे देशी साप पकडून घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. तेव्हा घरात शिरलेल्या सापाच्या स्वभावाचा अभ्यास वाचकांनी हाती घेऊ नये, लांबूनच नजर ठेवून सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवावे.