दोन रकान्यांचे भाऊ

परवा बसस्टॉपवर भाऊंनी मला गाठलंच. "सर, आज स्वतःसाठी काय केलं?"

मी म्हटलं, "दाढी."

काखेतली डायरी उघडून ते विचारात पडले. "दाढी तशी दोन्हीकडं जाते."

डायरी कृषी केंद्रातून फुकट मिळालेली. प्रत्येक पानाच्या तळाशी 'बीजप्रक्रिया करूनच पेरणी करा' असं छापलेलं. भाऊंनी मधोमध पट्टीनं रेघ मारलीय: डावीकडं 'मी', उजवीकडं 'करिअर'. स्टीफन कोवी यांनी 1989 साली सात सवयी सांगितल्या. आमच्या बीबी गावच्या या पतसंस्थेतल्या कारकुनाचं दोन रकान्यांत भागतं.

बाजारात वांग्यांचा भाव पाडला, की उजवीकडं 'वाटाघाटी'. वांगी किडकी निघाली, की डावीकडं 'क्षमाशीलता'. सावडायला गेले आणि तिथं मोठे साहेब भेटले, तर उजवीकडं 'जनसंपर्क'. नव्या वर्षाचे संकल्प 1 तारखेला नाहीत, 12 जानेवारीला. त्या दिवशी जिजाऊ आणि विवेकानंद दोघांची जयंती. सिंदखेडराजाची एकच फेरी, दोन्ही रकाने भरले! 2020 च्या जूनमध्ये लोणारचं तळं गुलाबी झालं. सगळा जिल्हा फोटो काढत होता, भाऊ मला म्हणाले, "पाहा राजेहो, एवढं जुनं तळं बदलतं, मग आपण कामून नाही?" 2025 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये होता आणि व्यापाऱ्यानं ओलावा दाखवून त्याच्या कितीतरी खाली मागितलं. मी संतापलो. भाऊंनी डावीकडं लिहिलं, 'संयम'.

मग त्यांना बढती आली, बदलीसकट. मला वाटलं, आता उजवा रकाना पानाबाहेर सांडणार. आठ दिवसांनी कळलं, भाऊंनी नकार कळवला. पोटात कालवलं, पण थट्टेची सवय जात नाही. "काय भाऊ, करिअरचं पान फाडलं का?"

ते चहा सांगायला उठले. डायरी टेबलावर उघडी राहिली होती. दुसऱ्याची डायरी वाचू नये, हे मला कळतं, मी वाचली. त्या पानावर मधली रेघच नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच ओळ होती: 'लकव्यानंतर बाबा आज पहिल्यांदा चार पावलं चालले. माझा हात धरून.' खाली छापील 'बीजप्रक्रिया करूनच पेरणी करा'.

बढतीच्या जागेवर त्यांच्याहून सात वर्षांनी धाकटा माणूस गेला. भाऊ अजून पतसंस्थेच्या त्याच खिडकीमागं बसतात. दुसऱ्या दिवसापासून पट्टीची रेघ परत आली, आणि बसस्टॉपवरचा प्रश्नही. मी अजून चिडतो, पण हल्ली वाट बदलत नाही. फक्त त्या डायरीत मी डावीकडं आहे की उजवीकडं, हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही.