केशसंवर्धनाची दरखास्त

टकलाची पहिली नोटीस आरशाकडून येत नाही. ती न्हाव्यामार्फत बजावली जाते. आरसा हा पुरुषाचा पिढीजात वकील असल्यामुळे समोरच्या पक्षकाराचे मन दुखावेल असे एक अक्षर तो उच्चारीत नाही, परंतु केशकर्तन आटोपल्यावर दुसरा आरसा मानेमागे धरून “बघा साहेब, ठीक आहे ना?” असे जेव्हा तो सद्गृहस्थ विचारतो, तेव्हा ज्या मुलुखावर आपली वहिवाट निर्वेध चालू आहे अशी आपली समजूत होती, त्यातला ऐन मधला वाटोळा तुकडा पडीक पडल्याचे निदर्शनास येते. मी “ठीक आहे” म्हणालो आणि घरी येऊन वनस्पतींना शरण गेलो.

वास्तविक रूपाविषयी मी पहिल्यापासून उदासीन. उदासीन माणसाने छायाचित्रकाराला आपली डावी बाजू सुचवू नये, किंवा व्याख्यानाच्या वेळी पंख्याखालची खुर्ची सबबी सांगून बदलून घेऊ नये, असा काही दंडक माझ्या वाचनात नाही. तरीही वार्ता फुटली आणि सल्ल्यांची आवक सुरू झाली. कोणी जास्वंदीची फुले सांगितली, कोणी भिजवलेल्या मेथ्या, कोणी कोरफडीचा गर. आणि ज्यांच्या डोक्यावर एकही केस उरलेला नव्हता त्यांनी सर्वांत ठामपणे कांद्याचा रस.

मी मात्र माक्यावर स्थिर राहिलो. आणि माक्याविषयी एकदा बोलू लागलो की मला आवरणे कठीण, हे वाचकांनी आताच ध्यानात घ्यावे. पाटाच्या कडेला, ओलसर बांधावर हे बारीक पांढऱ्या फुलांचे झुडूप कोणाची परवानगी न घेता उगवते. त्याचा पाला चुरगळला की बोटे आधी हिरवी होतात आणि पाहता पाहता काळी पडतात. तेल सिद्ध करण्याचा शास्त्राचा सर्वसाधारण हिशेब असा की कल्क १ भाग, तेल ४ भाग आणि द्रव १६ भाग. देशावर तेल तिळाचे, कोकणात खोबरेल. आच मंद हवी, कढई लोखंडी असल्यास उत्तम, आणि ढवळणाऱ्याने मध्येच उठून वर्तमानपत्र चाळता कामा नये, कारण कल्क एकदा बुडाला लागला की सारा खटाटोप फुकट गेला. शेवटी शेवटी तेलावर फेस येतो. मग चिमूटभर कल्क घेऊन त्याची बोटांत वात वळायची आणि ती विस्तवावर टाकायची. तडतडली तर आत पाणी शिल्लक आहे. निमूट जळाली तर तेल सिद्ध झाले.

ही परीक्षा मी ग्रंथातून शिकलो नाही. आमच्या वाड्यात हे तेल आत्याआजी करीत असे. घरातल्या साऱ्या लेकीसुनांच्या वेण्या तिच्या हातच्या तेलावर पोसल्या. त्यांच्या न्हाणासाठी शिकेकाई, रिठे, नागरमोथा, गवला कचरी आणि संत्र्याच्या वाळक्या साली तीच कुटून ठेवी. ती स्वतः लाल आलवणात होती. न कळत्या वयात वैधव्य आले तेव्हापासून ठराविक मुदतीने तिचे डोके वस्तऱ्याखाली जात असे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी सभा भरवून, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार केला होता. आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून मात्र ती वार्ता कधी आत आली नाही. तिच्याच हातचे तेल शेंडीला चोळून ओसरीवर धर्मशास्त्राचा काथ्याकूट करणाऱ्या पुरुषांपैकी एकालाही त्यात काही वावगे दिसले नाही, या गोष्टीचा मला आजही संताप येतो. आणि माझ्या त्या वाटोळ्या तुकड्याची हळहळ मला स्वतःलाच फारशी शोभत नाही.

शोभत नाही म्हणून ती थांबते असे नाही. मी पाला आणला, आच धरली, वात वळली. ती निमूट जळाली आणि तेल उत्कृष्ट उतरले. पुढे डॉक्टरांनी माझी दरखास्त एका वाक्यात निकालात काढली: पुरुषांचे वंशपरंपरेने येणारे टक्कल शरीरातल्या अंतःस्रावांच्या परिणामाने पडते, केसांची मुळे बारीक होत जातात आणि तिथे माक्याचा इलाज चालत नाही. शिकेकाईने आणि रिठ्याने डोके स्वच्छ होते, कारण त्यांत फेस करणारे द्रव्य निसर्गतःच असते. तेलाने कोरडा केस मऊ राहतो आणि चोळल्याने झोप बरी लागते. उशीचे अभ्रे काळपट झाले आहेत, ही तक्रार घरातून रीतसर दाखल झालीच आहे.

तेल बरेच उरले आहे. ज्यांच्या डोक्यावर केस आहेत अशांनी, विशेषतः घरातल्या बायामाणसांसाठी, खुशाल घेऊन जावे. बाटली मात्र स्वतःची आणावी.