वाक्यात उपयोग करा

प्रिय ‘नागरी संकुल’ यांस,
स. न. वि. वि.

परवा आपण नातीच्या भूगोलाच्या वहीत अवतरलात. शेजारी बाईंची सूचना : वाक्यात उपयोग करा. गुण दोन. तुरकाट्यांवर भाजलेली भरिताची वांगी गार झाली, तरी आमच्या घराला वाक्य जमेना.

शहरं वाढत वाढत एकमेकांत मिसळली की आपला जन्म होतो, एवढं कळलं. नातीनं लिहिलं, “जळगाव आणि भुसावळ हे नागरी संकुल आहे.” मी खोडलं. अंतर 25 किलोमीटर. मध्ये नशिराबाद, पुढे साकेगावची वाघूर नदी, बाकी शेतं. अर्थात त्या शेतांत ‘एन. ए. प्लॉट, शहराला अगदी लागून’ असे फलक आहेतच. फलकांचं ऐकलं तर आपण केव्हाच आलात, फक्त शहर यायचं राहिलंय.

मग तिनं जळगाव-धुळे जोडून पाहिलं. मध्ये एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटर! तिनं नकाशावर खोडरबर फिरवून पारोळा काढून टाकलं. नगररचनेची ही पद्धत अगदीच अपरिचित नाही.

आपला राग नसावा, पण आमच्याकडे जोडण्यापेक्षा तोडण्याचा सराव जास्त. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांनी आपलं ‘कॉनर्बेशन’ हे मूळ नाव छापलं ते 1915 साली, म्हणजे आमची वाटणी होऊन नऊ वर्षं झाल्यावर. 1998 साली धुळ्यातून नंदुरबारही वेगळं निघालं. गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आले. मुंबई-ठाणे-कल्याण आज पाहिलं असतं, तर त्यांना आपला उपयोग करायला वाक्यही लागलं नसतं, नुसतं बोट दाखवून भागलं असतं.

आमच्याकडे आपल्याऐवजी ‘हद्दवाढ’ चालते. रात्री गावात झोपलेला माणूस सकाळी शहरात उठतो, म्हैस मात्र गावातच असते.

शेवटी धुळ्याच्या आत्याला फोन लावला. ती देवपुरात राहते. पांझरेच्या या काठाला देवपूर, त्या काठाला जुनं धुळे, मध्ये पूल, महापालिका एकच. म्हटलं, मिळालं वाक्य! आत्या घाईत होती. म्हणाली, “नंतर बोलू रे, मी गावमा जाई येस.”

आपला,
दोन गुणांना मुकलेला आजोबा
जळगाव