डाव्या सीटवरचे मास्तर

पांढऱ्या पाटीवर लाल एल, टपावर स्कूलच्या नावाचा त्रिकोणी बोर्ड, उजवीकडे स्टिअरिंगला बिलगलेला घामाघूम माणूस आणि डावीकडे सीट पार मागे सरकवून रेललेले मास्तर. साताऱ्यात राजपथावर सकाळी सात ते अकरा उभे राहा, अशा चार गाड्या तरी दिसतील. या देखाव्यातला घामाघूम माणूस गेल्या उन्हाळ्यात मी होतो. वय सेहेचाळीस.

आमचे मास्तर आधी ट्रकवर होते. कोल्हापूर–मुंबई कितीदा केलं याचा हिशेब त्यांच्याकडे नाही. गेली पंधरा वर्षं मात्र ते फक्त पहिल्या आणि दुसऱ्या गियरमध्ये फिरताहेत, तेही दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन. इतक्या हळू इतकं अंतर कापलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसावा. अंगकाठी सडसडीत, खांद्यावर टॉवेल, चपला दाराशी काढलेल्या. गाडीत ते अनवाणी बसत. का, ते मला फार उशिरा कळलं.

गाडीतला स्पीडचा काटा शून्यावर कायमचा निजलेला होता. पहिल्याच दिवशी मी तक्रार केली.

“काट्याकडं बघत बसला तर पुढची म्हस दिसायची न्हाई सर तुमास्नी.”

स्पीड मोजायला त्यांची स्वतःची मापं होती. पहिला गियर, रेसवर पाय नाही, इंजिन आपलं आपण ओढतंय तेवढंच, हा म्हशीचा स्पीड. टेस्टचा आठ म्हशीच्या स्पीडनं काढायचा. दुसरा गियर म्हणजे पालखीचा स्पीड, लोणंदला माउलींच्या पालखीसोबत माणसं चालतात तसा: थांबायचं नाही आणि धावायचंही नाही. पोवई नाक्यावरच्या गर्दीत वरातीचा स्पीड. चार पावलं पुढं, मग उभं राहून नाचायचं, पुन्हा चार पावलं. तिसऱ्या गियरला ‘यष्टी चुकली’ म्हणत. तो वाढे फाट्याकडे रस्ता मोकळा असेल तरच मिळायचा, आणि तोही सणासुदीला मिळावा तसा. चौथ्या-पाचव्या गियरचे आकडे मी दांड्याच्या मुठीवर फक्त वाचले.

“स्पीड रेसमधी नसतो, क्लचमधी असतो,” हे त्यांचं मुख्य प्रवचन. उजवा पाय म्हणजे बोलघेवडा पाहुणा, घर चालतं ते डाव्या पायावर. हाफ क्लचला गाडी थरथरली की पाय तिथंच धरायचा, अजिबात हलवायचा नाही. बँकेतल्या एका मॅडम आमच्या बॅचला होत्या. त्या क्लच सोडत नसत, टाकत. त्यांना मास्तर सांगायचे, “ताई, निजलेल्या पोराच्या डोक्याखालनं हात काढतो का न्हाई आपण? तसा पाय काढायचा.” दुसऱ्या दिवसापासून मॅडमची गाडी लोण्यासारखी सुटू लागली. मला मूल असूनही हे जमलं नाही. तो हात आमच्याकडे कोण काढायचं, ते घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

मास्तरांचं दुसरं निरीक्षण मात्र मी वहीत लिहून ठेवलंय. त्यांना जोरात चालवणाऱ्या कॉलेजच्या पोरांची भीती नव्हती. ती पोरं ओरडलं की ऐकतात. त्यांना भीती आमच्या वयाची. घाबरलेला माणूस हळू जाईल असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या अंगाला पीळ बसतो, पायही ताठतो, आणि नेमका तोच पाय रेसवर असतो. “भ्यालेला मानूस सगळ्यात फास्ट,” मास्तर म्हणायचे आणि माझ्या गुडघ्याकडे बघायचे.

शिकवताना त्यांचा मोबाइल बंद नसे. भाचीची सोयरीक चालली होती. कानाला फोन, डोळे रस्त्यावर, आणि एकाच आवाजात दोन कारभार. “पोरगं काय करतं? … गियर उतरवा … शेती किती हाय? … डावीकडं, डावीकडं … अवो घाई करू नका, पुढचं बघून ठरवू.” यातलं कुठलं वाक्य माझं आणि कुठलं मुलाकडच्यांचं, हे ओळखेपर्यंत चौक मागे पडलेला असे. ‘जरा दमानं घ्या’ हे त्यांनी कोरेगावच्या एका मामाला सांगितलं आणि मी इकडं दुसऱ्यावरून पहिल्यावर आलो. गाडी मात्र कधी धक्का द्यायची नाही, बंद पडायची नाही. पंचवीस दिवसांत समर्थ मंदिराचा चढसुद्धा मी असा चढलो की मागचा रिक्षावाला कौतुकानं बघत राहिला. फक्त एक गोष्ट विचित्र होती. फोनवर मानपानाचा विषय निघाला की आमची गाडी जागच्या जागी थांबायची. मी समजायचो, माझा ब्रेक फार हलका झालाय.

लर्निंग काढल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, मग टेस्ट. मैदानावर चुन्यानं आखलेला आठ, पलीकडे मातीचा उंचवटा, कडुनिंबाखाली फायली घेतलेली माणसं. गाडी आमचीच, रोजची. पण मास्तर उतरले आणि त्यांच्या जागी निरीक्षक साहेब येऊन बसले. साहेबांनी फाइल मांडीवर घेतली आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

तेव्हा मी पहिल्यांदा खाली बघितलं. साहेबांच्या पायांपुढे एक क्लच आणि एक ब्रेक होता. शिकवण्याच्या गाडीला तो असावाच लागतो, असा नियम आहे. मला माहीत होतं. तीस दिवस शेजारी बसून माहीत होतं. पण अनवाणी पाय तिथं दिवसभर काय करतात, हा प्रश्न मला पडला नव्हता.

“चला,” साहेब म्हणाले.

मी नेहमीसारखा क्लच सोडला. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडू नये म्हणून थोडी रेस दिली. थोडी म्हणजे किती, हे तोवर माझ्या पायानं कधी ठरवलेलंच नव्हतं. आठाचा वरचा गोल मी यष्टी चुकली या स्पीडनं घेतला, खालचा घेतलाच नाही. उंचवट्यावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायची असते, मागे घरंगळू न देता. मी थांबवली, आणि गाडी मागे जाऊ लागली, स्कूटरवाल्यांच्या रांगेच्या दिशेनं, अगदी पालखीच्या स्पीडनं. साहेबांनी फाइलमधून डोळे न काढता पाय पुढे केला आणि आम्ही थांबलो.

“सात दिवसांनी या.”

कडुनिंबाखाली मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “माझा पाय मागं ऱ्हात न्हाई ओ. भ्या वाटतं.” मग धाकही घातला: तीनदा नापास झालात तर पुढं साठ दिवस टेस्टच नाही, तोवर पावसाळा लागतोय.

पुढचे सात दिवस मास्तर सीटवर मांडी घालून बसले. फोन खिशात. त्यांचे डोळे पूर्ण उघडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि ते चांगलेच मोठे आहेत. समर्थ मंदिराच्या चढावर पहिल्या दिवशी माझी गाडी अकरा वेळा बंद पडली. दर वेळी मास्तरांच्या मांडीचा गुडघा टुणकन उडायचा आणि ते दोन्ही हातांनी तो दाबून धरायचे. “हँडब्रेक ओढा. क्लच… थरथरली का? आता थोडी रेस. आता हँडब्रेक सोडा. देवा!” मागचा रिक्षावाला तोच होता. या वेळी त्यानं कौतुक केलं नाही.

दुसऱ्या टेस्टला मी म्हशीच्या स्पीडनं आठ काढला आणि चढावर गाडी तसूभर मागे येऊ दिली नाही. मास्तरांना कंदी पेढे दिले. त्यांनी एक तोंडात टाकला, फोन कानाला लावला आणि पुढच्या विद्यार्थ्याला घेऊन, पाय पुढे सोडून निघून गेले. त्या विद्यार्थ्याची गाडी लोण्यासारखी सुटली.

तेव्हा साताऱ्यात चढावर तुमच्यापुढे एलची गाडी थांबलेली दिसली, तर मेहरबानी करून हॉर्न वाजवू नका. एक गाडीभर जागा सोडून उभे राहा. मास्तरांनी मांडी घातलेली असेल तर दोन गाड्यांची सोडा.