विविधतेचं बिनपगारी दार

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं १०१वं कलम सांगतं की, कर्मचारी कार्यक्षम आणि सचोटीचे असावेत, आणि भरती शक्य तितक्या जास्त देशांतून व्हावी. हेतू सोन्यासारखा! मात्र तरुणांसाठी या वास्तूचं जे दार उघडं असतं, त्या इंटर्नशिपला सचिवालय दमडीही देत नाही. प्रवास, विमा, घरभाडं ज्याचं त्यानं बघायचं. म्हणजे अर्जावर देश कुठलाही चालतो, फक्त वडिलांच्या खिशाला जिनिव्हा झेपायला हवं. २०१५ साली तिथला एक इंटर्न सरोवराकाठी तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर गाजली. तो होता न्यूझीलंडचा. नांदेडच्या पोरानं राहण्याचा पत्ता म्हणून तंबू लिहिला असता, तर व्हिसाच्या खिडकीवरच त्याचा समावेश आटोपला असता.

कुणी म्हणेल, अनुभव मिळतो की, जबरदस्ती कुठे आहे? मग साहेबांनीही पगाराऐवजी अनुभवच घ्यावा. पैसे नाहीत म्हणावं, तर त्याच गावातल्या जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये इंटर्नना भत्ता सुरू केला. राहिली गुणवत्ता. तर वरच्या खुर्च्यांसाठी ती कशी निवडली जाते, तेही पाहा: जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकी आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपीय, ही वहिवाट दुसऱ्या महायुद्धानंतर आजतागायत मोडलेली नाही. गुणवत्ता बिचारी दर वेळी बरोबर त्याच पासपोर्टात सापडते. २०२३ मध्ये खडकीत जन्मलेले अजय बंगा बँकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपली छाती फुगली खरी. पण त्यांचं नाव सुचवलं होतं ते वॉशिंग्टननं, आणि तेही अमेरिकी नागरिक म्हणून.