बाई, बोगदा आणि पायगुण

बोगद्यात बाई उतरली की दरड कोसळते. हा शोध भूगर्भशास्त्राचा नाही, साइटवरच्या अनुभवी मंडळींचा आहे. नुसत्या पायगुणाने खडक फुटत असेल, तर सुरुंगाच्या दारूवर एवढा खर्च कशाला करायचा?

गंमत अशी की, युरोपातले बोगदेवाले खोदकामाआधी तोंडाशी जिची मूर्ती बसवतात, ती संत बार्बरा बाईच. खणणाऱ्या अवाढव्य यंत्रालाही प्रथेने बाईचंच नाव. आपल्याकडे मुंबई मेट्रो ३ साठी गोदावरी, वैतरणा, वैनगंगा अशा नद्या जमिनीखाली उतरल्या. (कोस्टल रोडला मात्र ‘मावळा’ आला. व्यास १२.१९ मीटर. तेवढाच पुरुषार्थ.) म्हणजे बाई मूर्तीत चालते, यंत्रावर चालते; हेल्मेट घालून पगारपत्रकावर आली की अपशकुन!

१९५२ च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत काम बंद केलं, तेही काळजीपोटी. केंद्र सरकारने ती बंदी सैल केली २०१९ मध्ये, आणि बाईची लेखी संमती घ्यायची अट घातली. खडकाची संमती अजून कोणी मागितलेली नाही.

मी उतरते. वर आले की ठेकेदार नम्रपणे विचारतो, “मॅडम, सर कुठे आहेत?” सर मीच, हे त्याला तीनदा सांगून झालंय. साइटवर महिलांसाठी स्वच्छतागृहही आहे. नकाशात आहे, बिलात आहे. आत सध्या सिमेंटच्या गोणी आहेत.